जोडीचं रक्त

“टीबी नाही, असं कुणीतरी लिहून द्या. मी आत्ता हिला परत घेऊन जाते,” रेक्टर शहाणेबाई म्हणाल्या. “नाही देत? मग माझाही नाइलाज आहे, डॉक्टर. सत्तर मुली हिच्या हातचं जेवतात.”

हिच्या म्हणजे अनुसयाबाई खिलारेंच्या. त्या दारातच उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून, कारण आत या असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. शेजारी त्यांची मुलगी वैजू, दोन वेण्या घातलेली, हातात औषधांची पिशवी. अनुसयाबाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायच्या. वैजू तिथल्याच शाळेत सातवीला. काम गेलं की खोली जाणार आणि खोली गेली की वैजूची शाळा. सगळं एका कागदावर येऊन अडकलं होतं.

डॉ. बर्गे एक्स-रे खिडकीकडे धरून बघत होते. “डाग आहे. हा बघा, खाली. ताप, खोकला, पेनिसिलिनला दाद नाही. आणि नवरा कशानं गेला हिचा? टीबीनं. अजून काय पाहिजे?”

“सर, थुंकीत काही नाही,” मी म्हणाले. “तिन्ही दिवसांचे नमुने मी स्वतः बघितलेत.”

“नीट बघितलेत का?”

माझ्या डोक्यात सणक गेली. मी तेव्हा लोणंदच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. चंद्रकला भोईटे, वय सत्तावीस, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सकाळपासून डोळा लावून तीन काचपट्ट्या बघायच्या आणि वर हे ऐकून घ्यायचं. “नीट म्हणजे कसं सर? दोन डोळ्यांनी की एका?” हे मी मनात म्हणाले. तोंडानं फक्त “हो” म्हणाले.

“बाई, मला त्यो टीबी न्हाई वो,” दारातून अनुसयाबाई म्हणाल्या. “मालकांचा टीबी म्या दोन वर्सं बघितलाय. त्यो असा नस्तो. मला नऊ दिस झालं, नऊ दिसांत कुठं टीबी हुतो?”

“आता तुम्ही सांगणार का आम्हाला?” बर्गे म्हणाले.

ते वाईट डॉक्टर होते असं नाही. ओपीडीला शंभर माणसं बसलेली असायची आणि त्यांच्या हाताला एकच सवय होती. डाग दिसला की टीबीच्या गोळ्या.

त्या दिवशी मंगळवार होता हे नशीब. मंगळवारी आणि शुक्रवारी साबळे मॅडम साताऱ्याहून यायच्या. त्या पॅथॉलॉजिस्ट, माझ्या वरिष्ठ. बोलणं कमी, आणि चहात साखर चार चमचे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एक्स-रे बघितला, मग पेशंट बघितला, मग परत एक्स-रे बघितला.

“चंद्रकला, फोटो बघून वाटतं ही बाई खाटेवर असेल. आणि ही तर चालत आलीय. वसतिगृहात अजून कुणी खोकतंय का?”

“धा-बारा पोरी खोकत्यात की,” अनुसयाबाई म्हणाल्या. “पयली खोकली ती त्या कोपऱ्यातली मोठी पोरगी. मंग म्या.”

मॅडमनी थोडं रक्त काढायला सांगितलं. गेनबामामांना, म्हणजे आमच्या लॅबच्या शिपायांना, शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणायला पिटाळलं. रक्ताची नळी बर्फात ठेवली. दोन-तीन मिनिटांनी तिरकी करून दाखवली, तर काचेवर रक्ताचे बारीक बारीक दाणे, रव्यासारखे. मग तीच नळी त्यांनी माझ्या मुठीत दिली. “धर. गरम होऊ दे.” थोड्या वेळानं मूठ उघडली तर दाणे गायब, रक्त पुन्हा सपाट.

“अगं बया!” अनुसयाबाई तोंडावरचा पदर विसरून बघत राहिल्या.

“न्यूमोनियाचा एक वेगळा जंतू असतो,” मॅडम म्हणाल्या. “साध्या पेनिसिलिननं मरत नाही, थुंकीच्या तपासणीत दिसत नाही. एकत्र झोपणाऱ्या पोरांमध्ये पसरतो. मायकोप्लाझ्मा नाव त्याचं. अंगात तो शिरला की रक्त थंडीत असं गोळा होऊ शकतं. पण हा नुसता इशारा आहे, पुरावा नाही.”

“मग पुरावा कसला?”

“त्या जंतूविरुद्ध रक्तात अँटिबॉडी तयार होतात. पुण्याला त्या मोजतात. पण एकदा मोजून भागत नाही, जुन्या आजाराच्याही राहिलेल्या असू शकतात. म्हणून रक्त जोडीनं बघायचं. एक आत्ताचं, आजार नवा असतानाचं, आणि एक पंधरा दिवसांनंतरचं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हातानं तपासायची. आकडा चौपट वाढला की मग बर्गेंनाही काही बोलता येणार नाही.”

बर्गे हसले. म्हणाले, “बर्फाचे खेळ चाललेत का?” पण मॅडमपुढे त्यांचं फार चालायचं नाही. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी त्या जंतूवरचं एरिथ्रोमायसिन लिहिलं. आणि मॅडम गेल्यावर खाली टीबीच्या गोळ्याही लिहिल्या. “माझी जबाबदारी आहे, रिस्क नको.” दोन्ही औषधं एकाच दिवशी सुरू. आता बाई बरी झाली तर कशानं झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. मी कपाळाला हात लावला.

रेक्टरबाईंनी मुदत दिली. “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत खोली ठेवते. तोवर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. कागद आला तर आला.”

मी रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, छोट्या नळीत काढलं. झाकण बसवलं, पट्टी चिकटवली, नाव आणि तारीख घातली आणि फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात अगदी मागे ठेवली. अनुसयाबाई लॅबच्या दारातून बघत होत्या.

“ऱ्हाईल न्हवं बाई तितं नीट?”

“राहील. माझ्या ताब्यात आहे ते.”

असं म्हणाले होते मी. अगदी ऐटीत.

दहा दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्याकडे खंडेनवमीला लॅबची पूजा असायची. शेतकऱ्यानं औतं पूजायची, सुतारानं रंधा, तसा आम्ही मायक्रोस्कोप पूजायचो. त्या दिवशी यंत्रं चालवायची नाहीत, त्यांना विश्रांती. तातडीचं काही आलं तरच हात लावायचा. मामांनी सकाळपासून एकेक यंत्र पुसून, हळदकुंकू लावून लांब टेबलावर मांडलं होतं. मायक्रोस्कोपवर झेंडूची माळ, रक्त फिरवायच्या सेंट्रिफ्यूजवर आपट्याची पानं, आणि फ्रीजच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक.

दुपारी ट्रस्टचे अध्यक्ष येणार होते. दरवर्षी ते ऑपरेशन थिएटरची पूजा बघून जायचे आणि लॅबकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्या वर्षी मात्र येतो म्हणाले. मला चेव चढला. घरून गणपतीतली दिव्यांची माळ आणली, टेबलाभोवती गुंडाळली. लावायला जाते तर टेबलामागच्या बोर्डात दोनच जागा, आणि दोन्हींत पिना. अध्यक्षांची गाडी फाटकात शिरलेली. मी टेबलामागे हात घालून सेंट्रिफ्यूजची पिन उपसली आणि तिथं माळेची खोचली. दिवे लागले. कंपाउंडर साळुंखेनं फोटो काढला. अध्यक्ष म्हणाले, “वा, भोईटे, लॅब झकास ठेवलीय.” मी वर्षभर पुरेल इतकी खूश झाले. जाताना माळेचं बटण बंद केलं, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी रविवार. तातडीचं म्हणून एकदाही बोलावणं आलं नाही.

सोमवारी सकाळी लॅबचं दार उघडंच होतं. मामा लवकर येऊन झाडत होते. माळ गुंडाळून कपाटावर ठेवली होती, फ्रीज घुरघुरत होता आणि त्याच्या पायाशी पाण्याचं थारोळं.

“मामा, हे पाणी कसलं?”

“फ्रीज बंद व्हता बाई. पिन भायेर लोंबत व्हती. म्या आत्ता लावली.”

मी वरचा कप्पा उघडला. बर्फाचा एक खडा नाही. आत सगळं कोमट, ओलं. अनुसयाबाईंची नळी आडवी पडली होती. उजेडात धरली तर सीरम गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं.

“कुणी काढली पिन?”

“म्या न्हाई काढली, बाई.”

“मग काय फ्रीजनं स्वतःच काढली? पुसाय-पासायला कोण होतं इथं सकाळपासून? तुम्ही! विश्रांती द्यायची म्हणून फ्रीजलाही विश्रांती दिलीत ना?”

“न्हाई वो. त्या दिशी दुपारी—”

“त्या दिवशी काय? काय त्या दिवशी? मामा, एका बाईची भाकरी होती हो ह्या नळीत! तुम्हाला कळतं का काही? वीस वर्षं इथं काम करताय आणि फ्रीज बंद करायचा नसतो एवढं कळत नाही?”

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की थांबत नसे. शेजारच्या एक्स-रे खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. मामा केरसुणी हातात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी एकदा टेबलामागच्या बोर्डाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खाली बसले आणि फडक्यानं पाणी टिपायला लागले. मला त्या गप्प बसण्याचा आणखीच राग आला. चूक आहे म्हणूनच तोंड उघडत नाहीत, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

तक्रारही मीच लिहिली. सव्वा पान, झरझर. आठवड्याच्या आत मामांची लॅबमधून बदली झाली, जनरल वॉर्डाच्या संडासांच्या ड्युटीवर. मला वाटलं, बरं झालं. त्यांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती.

त्या सोमवारच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी साबळे मॅडम आल्या. त्यांनी नळी बघितली आणि चहाचा कप न पिताच बाजूला ठेवला. “पाठवून बघू. पण घेणार नाहीत.”

दुसऱ्या रक्ताची वेळ आलीच होती. अनुसयाबाई आल्या, खोकला पुष्कळ कमी झालेला. हात पुढे करून म्हणाल्या, “हे दुसरं न्हवं? म्हंजी आता जोडी झाली.” मी खाली मान घालून सुई टोचली. या रक्ताचं सीरम मॅडमनी दोन नळ्यांत करायला लावलं. एक पुण्याला आणि एक आपल्याकडे. मी बर्फाच्या थर्मासात पहिली खराब नळी आणि यातली एक अशा दोन नळ्या घातल्या, पुण्याच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात दिल्या आणि त्याला तीनदा बजावलं.

सहा दिवसांनी उत्तर आलं. पहिला नमुना: तपासणीयोग्य नाही. दुसरा नमुना: एकास एकशेसाठ, म्हणजे सीरम एकशेसाठ पट पातळ केलं तरी त्यात अँटिबॉडी सापडत होत्या.

मी तो कागद घेऊन पळतच बर्ग्यांकडे गेले. “सर, आकडा मोठा आहे.”

“कशापेक्षा मोठा?”

मी हातातल्या कागदाकडे बघितलं.

“अहो, एकशेसाठ आधीपासूनच असेल. दोन वर्षांपूर्वी होऊन गेला असेल तो जंतू. तुमच्याच मॅडम म्हणाल्या होत्या ना, जोडी पाहिजे? पहिलं कुठंय?”

“ते खराब झालं. पण सर, ती बरी झालीय!”

“होणारच. माझ्या गोळ्या चालू आहेत.”

मॅडमनी फोनवर अर्धा तास त्यांच्याशी वाद घातला. बर्ग्यांनी फक्त एवढंच लिहून दिलं की ‘टीबीची शक्यता नाकारता येत नाही, उपचार चालू’. त्या एका ओळीनं सगळं संपलं. दिवाळीच्या सुट्टीत अनुसयाबाईंनी खोली रिकामी केली. ट्रंक, दोन बोचकी आणि वैजू. वैजूलाही शाळेच्या वसतिगृहात ठेवून घेतलं नाही, आईबरोबर एका खोलीत राहिलेली म्हणून. जाताना त्या दवाखान्यात आल्या होत्या. “गेनबामामा दिसंनात ते?” एवढंच विचारलं. मी म्हणाले, “बदली झाली त्यांची. त्यांच्यामुळंच झालं हे सगळं.” त्यांनी बोचकं उचललं. मला रात्री जेवण गेलं नाही, पण ते रागानं. बर्ग्यांचा राग, रेक्टरबाईंचा, मामांचा. जगात एक मी सोडून सगळ्यांचा.

संक्रांतीला साळुंखे तिळगुळासोबत फोटो वाटत आला. त्याचा रोल मेहुण्याच्या लग्नापर्यंत संपलाच नव्हता, म्हणून इतका उशीर. “घ्या, भोईटेबाई. अध्यक्षांबरोबर तुमचा. झळकताय नुसत्या.”

खरंच चांगला आला होता. अध्यक्ष हात जोडून, मी शेजारी दात काढून, टेबलाभोवती दिवे. मी माझी साडी बघितली, केस बघितले. मग टेबलावरची यंत्रं बघायला लागले. मायक्रोस्कोपवर झेंडू. सेंट्रिफ्यूजवर आपट्याची पानं. आणि पानांच्या खाली सेंट्रिफ्यूजची वायर. मामांनी ती नीट वेटोळं करून वरच ठेवली होती, आणि वेटोळ्याच्या मधोमध तिची पिन. पिनेवर हळदकुंकवाची दोन बोटं.

मी फोटो खिडकीत नेला. परत बघितला. सेंट्रिफ्यूजची पिन टेबलावर होती. सकाळपासून टेबलावरच होती. मग टेबलामागून मी उपसली ती कुणाची?

बोर्डात दोनच जागा होत्या. एकीत त्या दिवशी अध्यक्षांसाठी लावलेल्या टेबलफॅनची पिन होती, तो फोटोतही फिरत होता. दुसरी फ्रीजची.

मी फोटो खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला. साळुंखे म्हणाला, “काय झालं? डोळे मिटले का फोटोत?”

मामा जनरल वॉर्डाच्या मागच्या बाजूला फिनेल ओतत होते. मी फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, फोटो लांब धरून बघितला.

“चांगला आलाय,” ते म्हणाले.

“मामा, पिन मी काढली.”

“व्हय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“म्या तितंच व्हतो की, समईत त्याल घालत. तुमी हात घातला, उपसली. मला वाटलं, दिवं बघून झालं की लावशीला परत.”

“मग बोललात का नाही?”

मामांनी बादली उचलली. “बोललो की. म्या न्हाई काढली म्हनलो. फुडचं तुमी बोलू दिलं न्हाई.”

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फिनेल ओतायला परत सुरुवात केली, आणि मी पाय ओले होतात म्हणून बाजूला सरकले.

शुक्रवारी मी साबळे मॅडमना फोटो दाखवला, पिनेचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून फोटो अगदी जवळून बघितला. “आता रडून काय होणार?” म्हणाल्या. मी रडत नव्हते, पण लवकरच रडले असते. मग त्यांनी विचारलं, “ऑक्टोबरची दुसरी नळी आहे ना फ्रीजमध्ये?”

“आहे.” त्या नळीकडे मी रोज दोनदा बघत होते.

“चढता आकडा गेला. पण उतरता राहिलाय. नवा आजार असेल तर तीन-चार महिन्यांनी आकडा खाली येतो. जुनी खूण असती तर तिथंच राहिला असता. आजचं रक्त आण. ते आणि ऑक्टोबरचं, दोन्ही एकत्र पाठवू. ही पण जोडीच.”

मी आधी वसतिगृहात गेले. रेक्टरबाई म्हणाल्या, “स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवलीय हो, तिला कशी काढू? पण कागद आणा, मुलीला मी परत घेईन. हुशार आहे ती.”

अनुसयाबाई कांद्याच्या वखारीत सापडल्या. लोणंदला तेव्हा कांद्याचे ढीगच्या ढीग आणि निवडायला बाया ओळीनं बसलेल्या. धुरळा, टरफलं, नाकात झोंबणारा वास. ओळीच्या शेवटी दहा हात सोडून अनुसयाबाई आणि वैजू बसल्या होत्या. त्यांचा पाण्याचा तांब्याही वेगळा. वैजूची बोटं काळी झाली होती आणि ती मोठ्या बाईसारखी भराभरा सडके कांदे बाजूला टाकत होती.

“अजून एकदा रक्त पाहिजे,” मी म्हणाले.

“आता कशापायी?”

“टीबी नव्हता हे अजून दाखवता येईल. रेक्टरबाई वैजूला परत घेतील म्हणाल्यात.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खरं सांगायचं म्हणून घरून ठरवून निघाले होते. वाक्यही पाठ केलं होतं. त्याऐवजी मी पिशवीतून सुई आणि नळी बाहेर काढली. त्यांनी वैजूकडे बघितलं, मग पदराला कोपर पुसून हात पुढे केला.

“घ्या. पर बाई, ह्या येळी त्या फ्रीजापाशी कुनाला जाऊ दिऊ नगा.”

“नाही जाऊ देणार,” मी म्हणाले.

या वेळी थर्मास मी कंडक्टरकडे दिला नाही. मांडीवर घेऊन स्वतः पुण्याला गेले.

आठ दिवसांनी आकडे आले. ऑक्टोबरचं रक्त एकास एकशेसाठ. जानेवारीचं एकास वीस. आठपट उतरलं होतं. मॅडमनी पत्र तयार केलं आणि मी ते सहीसाठी बर्ग्यांकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं. “हं. म्हणजे टीबी नव्हताच म्हणायचं. गोळ्या बंद करायला सांगा.” पेन उघडलं, सही करता करता म्हणाले, “हे ऑक्टोबरातच कळलं असतं. तुमच्या त्या शिपायानं पिन काढून घोळ केला नसता तर. नाही का?”

मला तिथं बोलता आलं असतं. ओपीडीत शंभर माणसं बसली होती. मी म्हणाले, “हो, सर.”

आणि कागद घेऊन वखारीत गेले.

अनुसयाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वैजूकडे दिला. वैजू उभी राहिली, शाळेत धडा वाचतात तसं वाचायला लागली. “श्रीमती अनुसया खिलारे यांना क्षयरोग नव्हता. त्यांचा आजार मायको... मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे झालेला न्यूमोनिया होता व तो पूर्ण बरा झाला आहे.”

“परत वाच,” अनुसयाबाई म्हणाल्या. “मोठ्यांदा.”

वैजूनं परत वाचलं. ओळीतल्या बायांचे हात थांबले. दहा हातांवरची म्हातारी म्हणाली, “म्हंजी न्हवताच व्हय?” कुणीतरी म्हणालं, “मंग उगंच की गं हिला...”

मी उभीच होते. कागदावर पिनेबद्दल एक अक्षर नव्हतं. वैजूनं घडी घातली, परकराच्या खिशात ठेवला. आता मी गेले असते तर कुणीही मला अडवलं नसतं, उलट चहा पाजला असता.

“ह्यात एक लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. आवाज माझ्या मनापेक्षा मोठा निघाला. “तुमचं पहिलं रक्त खराब झालं ते मामांमुळं नाही. फ्रीजची पिन मी काढली होती. दिव्यांच्या माळेसाठी. मला कळलं संक्रांतीला. त्या दिवशी रक्त घ्यायला आले तेव्हाही मला माहीत होतं.”

वैजू माझ्याकडे बघत होती. तिची ती काळी बोटं खिशातल्या कागदावर होती. अनुसयाबाईंनी एक कांदा उचलला, फिरवून बघितला, चांगल्यात टाकला. दुसरा उचलला.

“मामाला सांगितलं?”

“त्यांना आधीपासून माहीत होतं.”

“आन् डागदरला?”

“नाही.”

“म्हंजी मामा आजून संडासावरच हाय.”

“हो.”

त्यांनी तो कांदा सडक्यात टाकला. आवाज चढवला नाही. मी चढवला असता, सगळी वखार गोळा केली असती.

“मंग हितं कशाला सांगताय बाई?” त्या म्हणाल्या. “आदी तितं सांगून या. जितं मामांचं नाव घेतलं व्हतं तुमी, तितंच. सगळ्या मान्सांफुडं.”

दुपारची ओपीडी सुटायला अर्धा तास होता. मी वखारीतून बाहेर पडले आणि चालायला लागले.